मोजणाऱ्या साधनांची डागडुजी : लिनक्समधील ‘पर्फ’ स्क्रिप्टांचा इतिहास

संगणकावर चालणारा प्रोग्राम अपेक्षेपेक्षा संथ का चालतो, त्याचा वेळ नेमका कोठे खर्च होतो आणि तो खर्च कमी करता येईल काय, याचा शोध घेण्याच्या कामाला कार्यक्षमता-विश्लेषण म्हणतात. आणि हे काम ज्या साधनांनी केले जाते त्यांचा इतिहास बहुधा नव्या कल्पनांचा आणि त्या मांडणाऱ्या माणसांचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. त्या साधनांत राहून गेलेल्या बारीकसारीक चुका नंतरच्या काळात कशा सापडल्या आणि कशा दुरुस्त झाल्या, याकडे फारसे कोणी वळत नाही, कारण यांपैकी बहुतेक दुरुस्त्या एकेका ओळीच्या असतात आणि त्यांच्यामुळे कोणतेही नवे सामर्थ्य साधनाला मिळालेले दिसत नाही. परंतु मोजमाप करणाऱ्या प्रोग्राममधील चूक इतर प्रोग्राममधील चुकीसारखी नसते. पत्रलेखनाचा प्रोग्राम चुकला तर पत्र बिघडलेले समोर दिसते. मोजणारा प्रोग्राम चुकला तरी तो आकडाच देतो, आणि चुकीचा आकडा दिसायला बरोबर आकड्यासारखाच असतो. त्या आकड्यावर विसंबून अभियंते निर्दोष भागाची फेररचना करत बसतात, आणि खरा अडथळा जागच्या जागी राहतो. लिनक्सच्या गाभ्यासोबत, म्हणजे कर्नलसोबत, वाटल्या जाणाऱ्या ‘पर्फ’ या साधनाचा, विशेषतः त्यातील स्क्रिप्टांचा, इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

या विद्येची पायाभरणी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड क्नूथ यांनी फोरट्रान भाषेत लिहिलेले, लोकांच्या प्रत्यक्ष वापरातील प्रोग्राम गोळा करून त्यांची तपासणी केली आणि असे दाखवून दिले की प्रोग्रामच्या चार टक्क्यांहूनही कमी भागावर साधारणपणे निम्म्याहून अधिक वेळ खर्च होत असतो. कोणता भाग किती वेळा चालला याच्या नोंदीला त्यांनी ‘प्रोफाइल’ म्हटले, आणि ती नोंद काढणाऱ्या साधनाला पुढे प्रोफायलर हे नाव रूढ झाले. त्या अभ्यासातील एक तपशील आजही मोलाचा वाटतो : प्रोफाइल काढणारा प्रोग्राम क्नूथ यांनी त्याच प्रोग्रामला लावून पाहिला, तेव्हा त्याचाही निम्म्याहून अधिक वेळ अवघ्या दोन लूपांत, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या ओळींच्या दोन गटांत, जात असल्याचे निघाले. मोजणारे साधन स्वतः तपासणीच्या बाहेर नाही, ही जाणीव अशी आरंभापासूनच होती. आपल्या ग्रंथांतील चूक दाखवून देणाऱ्या वाचकाला २.५६ डॉलरचे बक्षीस देणाऱ्या क्नूथ यांनी १९८९ मध्ये ‘टेक्’ या आपल्या अक्षरजुळणी-प्रणालीतील दहा वर्षांच्या चुकांची रोजनिशीच प्रसिद्ध केली, आणि त्या चुकांची वर्गवारी करताना टंकनातल्या क्षुल्लक चुकांनाही एक स्वतंत्र वर्ग दिला. क्षुल्लक ठरवलेली गोष्टही नोंदण्याच्या लायकीची असते, हे त्यांनी कृतीने मान्य केले होते.

सत्तरच्या दशकात युनिक्स या प्रणालीत ‘प्रॉफ’ नावाची आज्ञा आली. घड्याळाच्या ठरावीक ठोक्याला प्रोग्राम कोणत्या ठिकाणी आहे हे पाहून ठेवायचे आणि अशा पुष्कळ नमुन्यांवरून वेळेची विभागणी अजमावायची, ही नमुना घेण्याची रीत तिने वापरली. १९८२ मध्ये बर्कली येथे सुसान ग्रॅहॅम, पीटर केसलर आणि मार्शल मक्युसिक यांनी ‘जीप्रॉफ’ मांडले, आणि एखाद्या फंक्शनचा, म्हणजे प्रोग्राममधील नाव दिलेल्या कार्यघटकाचा, वेळ त्याला कामाला लावणाऱ्या फंक्शनांच्या खात्यावर टाकण्याची सोय केली. ही वाटणी हाकांच्या संख्येच्या प्रमाणात होते. म्हणजे प्रत्येक हाकेला सारखाच वेळ लागतो असे गृहीत धरलेले असते, आणि ते गृहीतक जेथे खोटे ठरते तेथे ‘जीप्रॉफ’ निर्धास्तपणे चुकीचे बोट दाखवते. कर्त्यांना ही मर्यादा ठाऊक होती व त्यांनी ती लपवलेली नाही, पण साधन वापरणाऱ्या पुढच्या पिढ्यांपर्यंत आकडे पोहोचले आणि अट मागे राहिली.

नव्वदच्या दशकात प्रोसेसरच्या आतच मोजणी करणारे गणक आले. किती सूचना पार पडल्या, जवळच्या स्मृतीत हवी ती माहिती किती वेळा सापडली नाही, यांसारख्या घटना हे गणक यंत्राच्या पातळीवरच मोजतात. सन कंपनीच्या सोलारिस प्रणालीत ब्रायन कँट्रिल, माइक शापिरो आणि ॲडम लेव्हेंथल यांनी घडवलेले ‘डीट्रेस’ २००५ मध्ये सर्वांच्या हाती आले आणि चालू यंत्रणेला छोट्याशा स्क्रिप्टद्वारे प्रश्न विचारण्याची नवी पद्धत रुजली. लिनक्सच्या जगात त्या वेळी एकापेक्षा अधिक साधने एकमेकांशेजारी वाढत होती : गणकांसाठी ‘ओप्रोफाइल’, स्क्रिप्टसाठी ‘सिस्टिमटॅप’, घटनांच्या नोंदीसाठी ‘एलटीटीएनजी’ आणि २००८ मध्ये गाभ्यात आलेले ‘एफट्रेस’. त्याच वर्षाच्या डिसेंबरात थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांनी गणकांसाठी नवी व्यवस्था चर्चेला ठेवली, आणि सप्टेंबर २००९ मधील २.६.३१ या आवृत्तीत ती गाभ्याचा भाग बनली. या व्यवस्थेचे वेगळेपण असे की वापरकर्त्याच्या बाजूचे ‘पर्फ’ हे साधनही गाभ्याच्या स्रोतसंग्रहातच ठेवण्यात आले. साधनाची दुरुस्ती आणि गाभ्यातील बदल यांचा प्रवास त्यामुळे एकाच वाटेने होऊ लागला, आणि एका ओळीच्या दुरुस्तीलाही गाभ्यातील बदलाचीच शिस्त लागू झाली.

स्क्रिप्टांचा प्रवेश यानंतर लगेच झाला. टॉम झनुसी यांनी प्रथम पर्ल आणि मग २०१० च्या आरंभी पायथन या भाषांचा आधार ‘पर्फ’ला जोडला. गाभ्यात जागोजागी ‘ट्रेसपॉइंट’ पेरलेले असतात. एखादी ठरावीक घटना घडली, उदाहरणार्थ प्रोसेसरने एक काम सोडून दुसरे हाती घेतले, की तेथे तिची नोंद होऊ शकते. या नोंदी ‘पर्फ’ एका फाइलीत साठवतो, आणि स्क्रिप्ट त्या एकेक करून वाचून त्यांतून अहवाल तयार करते. बहुतेक स्क्रिप्टांसोबत दोन चिमुकल्या सहायक फाइली असतात, एक नोंद करण्यासाठी आणि दुसरी अहवाल काढण्यासाठी. ‘सिस्कॉल-काउंट्स’ ही स्क्रिप्ट प्रोग्रामांनी गाभ्याकडे केलेल्या मागण्यांची मोजदाद करते, ‘नेटडेव्ह-टाइम्स’ जाळ्यावरून आलेल्या पाकिटाला कोठे किती थांबावे लागले ते दाखवते, ‘फ्युटेक्स-कन्टेन्शन’ कुलपासाठी, म्हणजे सामायिक गोष्ट एका वेळी एकाच कामाला वापरू देणाऱ्या अडसरासाठी, ताटकळणाऱ्या कामांचा हिशेब ठेवते. विस्ताराने बहुतेक स्क्रिप्टा लहानच, आणि लिहिणाऱ्याने बहुधा त्या क्षणाच्या स्वतःच्या गरजेपोटी लिहिलेल्या.

या रचनेत एक खाचखळगा आरंभापासूनच होता. कोणत्या घटनेसाठी स्क्रिप्टमधील कोणते फंक्शन चालवायचे, हे निव्वळ नावावरून ठरते : घटनेच्या गटाचे नाव, त्यानंतर दोन अधोरेषा, आणि मग घटनेचे नाव. फंक्शनच्या नावात एक अक्षर जरी इकडचे तिकडे झाले, तरी पायथनच्या दृष्टीने तो दोष नव्हे. ते केवळ कोणीही हाक न मारलेले फंक्शन असते. स्क्रिप्ट विनातक्रार चालते, अहवालाचे मथळे छापले जातात आणि त्याखालचे रकाने रिकामे राहतात किंवा शून्ये दाखवतात. शून्य हेही मोजमापच असल्यामुळे वाचणारा अशी समजूत करून घेऊ शकतो की या यंत्रावर तसे काही घडलेच नाही. इतर कोणत्या प्रोग्राममध्ये ज्याला टंकदोष म्हणून सोडून देता आले असते, त्याचे येथे खोट्या निष्कर्षात रूपांतर होते.

लिहिणाऱ्याच्या हातून चूक न होताही हेच घडू शकते, कारण स्क्रिप्ट आहे तशी राहते आणि तिच्याखालचा गाभा बदलतो. गाभ्याकडे केलेल्या मागण्यांच्या दोन मूळ घटनांच्या गटाचे नाव पुढे बदलले गेले. जुन्या नावाची फंक्शने असलेल्या स्क्रिप्टा त्यामुळे आंधळ्या होण्याची पाळी आली, आणि उपाय म्हणून नव्या नावाचे मुख्य फंक्शन ठेवून जुन्या नावाचे दुसरे फंक्शन त्यालाच हाक मारेल अशी तजवीज करण्यात आली. नोंद करणाऱ्या सहायक फाइलीही आधी नवे नाव आणि ते न जमल्यास जुने नाव वापरून पाहू लागल्या. २०१४ मध्ये प्रत्येक फंक्शनला मिळणाऱ्या माहितीत हाकांच्या साखळीची, म्हणजे घटनेपर्यंत कोणत्या फंक्शनांतून वाट आली त्या यादीची, भर पडली. तेव्हा स्क्रिप्टांतील फंक्शनांच्या आरंभीच्या ओळीत एकेक नाव वाढवावे लागले. २०१६ मध्ये जाळ्याशी संबंधित एका ट्रेसपॉइंटला ‘वर्क’ आणि ‘बजेट’ अशी दोन नवी क्षेत्रे मिळाली. ‘नेटडेव्ह-टाइम्स’मधील संबंधित फंक्शनाला इतकी माहिती स्वीकारण्याची सवय नव्हती, दुरुस्ती करणाऱ्याने ही दोन नावे जोडताना त्यांना ‘काहीच नाही’ असे आधीच मूल्य देऊन ठेवले, म्हणजे जुन्या गाभ्यावर घेतलेल्या नोंदीही त्याच स्क्रिप्टने वाचता याव्यात. बदल एका ओळीचा दिसतो, परंतु ती ओळ लिहिण्यासाठी जुना गाभा, नवा गाभा आणि कोणीतरी महिन्यांपूर्वी साठवून ठेवलेली नोंद या तिन्हींचा विचार करावा लागतो, आणि ‘किरकोळ’ हे विशेषण अशा कामाला लावणे अन्यायाचे आहे.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र एका साध्या सरासरीचे आहे. पायथन स्क्रिप्टांना सामायिक असलेल्या ‘यूटिल’ नावाच्या फाइलीत किमान, कमाल, सरासरी आणि संख्या यांची नोंद ठेवणारे एक छोटे फंक्शन आहे. त्यात नवे मूल्य आले की आधीची सरासरी आणि ते मूल्य यांची बेरीज करून तिला दोनने भागायचे, अशी रीत लिहिली गेली. पहिल्या दोन मूल्यांपर्यंत ती अचूक उत्तर देते, म्हणून डोळ्यांना खुपत नाही. १०, २० आणि ६० ही मूल्ये या क्रमाने आली तर पहिल्या दोहोंची सरासरी १५ येते आणि तिसऱ्यानंतर ३७.५, खरी सरासरी आहे ३०. तीच मूल्ये उलट्या क्रमाने आली तर उत्तर २५ येते. म्हणजे येथे सरासरी या नावाखाली जे छापले जाते त्यात शेवटच्या मूल्याचे वजन एकट्याचे निम्मे असते, आणि आधीची सर्व मूल्ये मिळून उरलेले निम्मे वाटून घेतात. कुलपासाठी कामे सरासरी किती ताटकळली या प्रश्नाला मिळणारे उत्तर त्यामुळे शेवटचे काम किती ताटकळले याकडे झुकते. जमवलेली संख्या शेजारीच उपलब्ध असताना हे घडले होते, आणि योग्य सूत्र लिहायला एकही जास्तीची ओळ लागत नाही. ही रीत वर्षानुवर्षे तशीच राहिली याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही : प्रोग्राम कधी कोसळला नाही, अहवाल नीटनेटका छापला गेला, आणि आकडा नेहमी किमान व कमाल यांच्या दरम्यान कोठेतरी पडत असल्याने कोणालाही संशय घ्यायला जागा उरली नाही.

पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीकडून तिसरीकडे झालेल्या स्थलांतराने अशा चुकांचे दोन प्रकार उघडे केले. तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्येच आली होती, परंतु ‘पर्फ’च्या स्क्रिप्टा दुसरीतच लिहिल्या गेल्या, आणि दुसरीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपणार हे स्पष्ट झाल्यावर २०१८ आणि २०१९ मध्ये त्या एकेक करून बदलण्यात आल्या. काही फरक उघड बोलणारे होते. या स्क्रिप्टांत मोजणीची क्रमवारी लावणारी एक ओळ वारंवार येत असे. नाव आणि संख्या अशी जोडी ती कंसातच फोडून घेत असे, आणि तिसऱ्या आवृत्तीने ती लेखनपद्धतच रद्द केल्याने स्क्रिप्ट पहिल्याच क्षणी अडत असे. टॅब आणि मोकळ्या जागा यांची विसंगत सरमिसळ केलेला समासही नव्या आवृत्तीला चालत नव्हता. असे दोष बरे, कारण ते लपत नाहीत. भागाकाराचे तसे नव्हते. जुन्या आवृत्तीत ७ या पूर्णांकाला २ ने भागले की ३ येत आणि नव्या आवृत्तीत ३.५ येतात, दोन्हीकडे स्क्रिप्ट निमूटपणे चालते. नॅनोसेकंदांचे सेकंद करणाऱ्या स्क्रिप्टांत भागाकार ठायीठायी असतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी मूळ लेखकाला पूर्णांक हवा होता की दशांश, हे तपासणाऱ्याला संदर्भावरूनच ठरवावे लागे. काही काळ दोन्ही आवृत्त्या चालाव्यात म्हणून छपाईची नवी पद्धत जुन्या पायथनमध्ये आणणारी एक ओळ स्क्रिप्टांच्या माथ्यावर घालण्यात आली, आणि या काळाची खूण म्हणून ती अनेक ठिकाणी राहून गेली.

अशा दुरुस्त्यांना लिनक्सच्या परंपरेत एक स्वतंत्र वाट होती. दोन हजारच्या दशकाच्या आरंभी रस्टी रसेल यांनी किरकोळ पॅच, म्हणजे बदलाचे छोटे मसुदे, गोळा करून पुढे पाठवण्याची जबाबदारी घेतली होती, आणि त्या वाटेने काय पाठवावे याची यादी गाभ्याच्या मार्गदर्शक लेखनात पुष्कळ काळ होती. दस्तऐवजांतील शुद्धलेखनाबरोबरच शोध-आज्ञेला चकवणाऱ्या चुका असा एक प्रकार त्या यादीत वेगळा नोंदलेला होता. एखादे नाव टिपणात चुकीचे लिहिले असेल तर ते शोधणाऱ्याला ती जागा सापडतच नाही, एवढे साधे कारण त्यामागे होते. त्याच सुमारास ‘कर्नल जॅनिटर्स’ हा उपक्रम उभा राहिला. जुन्या पद्धतीचे लेखन, न तपासलेले परिणाम, विसरलेली साफसफाई अशी कामे नवागतांनी करावीत आणि ती करता करता गाभा शिकावा, अशी त्याची योजना होती. त्यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी ब्राझीलचे आर्नाल्दो कार्व्हाल्यो द मेलो पुढे ‘पर्फ’ साधनाचे प्रमुख देखभालकर्ते झाले, आणि झाडलोटीचे महत्त्व जाणणारा माणूस मोजमापाच्या साधनाच्या दाराशी बसला, ही त्या साधनाच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट मानली पाहिजे.

या कामावर आक्षेपही घेतले गेले, आणि ते निराधार नव्हते. देखभालकर्त्याचा वेळ मोजका असतो, आणि शुद्धलेखनाचा पॅचही कोणाला तरी वाचावाच लागतो. शिवाय प्रत्येक ओळ शेवटी कोणी व का बदलली हे दाखवण्याची सोय ‘गिट’ या इतिहास सांभाळणाऱ्या प्रणालीत आहे. समास बदलण्यासाठी शंभर ओळींना हात लावला की त्या ओळींमागचे खरे कारण एका थराखाली दबते. टॅब आणि मोकळ्या जागांची २०१९ मधील साफसफाई अटळ असली तरी तिने ही किंमत मोजलीच. दुसऱ्या बाजूने व्यवस्थाही सुधारत गेली. २०१४ मध्ये पॅच तपासणाऱ्या स्क्रिप्टला नेहमीच्या शुद्धलेखनदोषांची यादी जोडण्यात आली, जिच्या प्रत्येक ओळीत आधी चुकीचे रूप, मग दोन उभ्या रेघा आणि मग बरोबर रूप असते. त्याच सुमारास दुरुस्ती ज्या जुन्या बदलातील चूक निस्तरते त्याची ओळख सांगणारी एक ठरावीक ओळ पॅचखाली लिहिण्याची पद्धत लेखी स्वरूपात आली. त्या बदलाच्या सांकेतिक क्रमांकाची पहिली बारा अक्षरे आणि त्याचा मथळा एवढाच तिचा मजकूर असतो, तरी चूक किती वर्षे मुरली होती आणि कोणत्या आवृत्त्यांत ती गेली असेल, हे तिच्यावरून कोणालाही काढता येते. अभिमानाला बाधा न आणता चुकीची वंशावळ नोंदवण्याची ही पद्धत या साऱ्या व्यवहारातील सर्वांत सभ्य गोष्ट होय.

साधनावरच्या विश्वासाचा प्रश्न याच काळात विद्यापीठांतही ऐरणीवर आला. २०१० मध्ये टॉड मायटकोविच, अमेर दिवान, मथायस हाउसविर्थ आणि पीटर स्वीनी यांनी जावा भाषेसाठी वापरात असलेल्या चार प्रोफायलरांची तुलना केली, तेव्हा एकाच प्रोग्राममधील सर्वाधिक वेळ खाणारा भाग कोणता याबद्दल त्यांचे आपसात वारंवार मतभेद असल्याचे दिसले. नमुने कोणत्याही क्षणी न घेता सोयीच्या ठरावीक जागीच घेतले जात होते, हे त्याचे मूळ होते. चारपैकी एकही प्रोफायलर बंद पडलेला नव्हता.

सर्वच चुका दुरुस्त करता येतात असेही नाही. २०११ मध्ये गाभ्यातील एक जुने मोठे कुलूप कायमचे काढून टाकण्यात आले आणि त्याची खोली सांगणारे क्षेत्रही प्रत्येक नोंदीच्या आरंभीच्या भागातून गेले. वीजवापर मोजणारे ‘पॉवरटॉप’ हे साधन नोंदीतील माहिती नावाने न शोधता ठरलेल्या अंतरावरून उचलत असल्याने ते लगेच चुकीचे वाचू लागले. साधनाची पद्धत सदोष होती यात वाद नव्हता. तरी वापरात असलेले साधन गाभ्यातील बदलाने मोडू नये, या लिनक्सचे निर्माते लिनस टोरव्हाल्ड्स यांच्या कडक नियमानुसार तेवढ्याच रुंदीचे निरर्थक क्षेत्र काही काळ नोंदीत परत घालण्यात आले.

‘पर्फ’च्या स्क्रिप्टांवरही अशी एक न पुसता येणारी खूण आहे. स्क्रिप्ट चालवणाऱ्या आज्ञेचे मूळ नाव ‘पर्फ ट्रेस’ होते. गाभ्याकडील मागण्या थेट दाखवणाऱ्या वेगळ्या आज्ञेसाठी ते नाव मोकळे ठेवावे म्हणून २०१० च्या अखेरीस ते ‘पर्फ स्क्रिप्ट’ असे बदलले गेले, आणि टिपणांतील जुने उल्लेख सुधारण्यात आले. परंतु सामायिक पायथन फाइली ज्या संचात राहतात त्याचे नाव ‘पर्फ-ट्रेस-यूटिल’ असेच राहिले. ‘पर्फ’ने तयार करून दिलेल्या प्रत्येक नमुना-स्क्रिप्टच्या माथ्यावर त्या संचाचा पत्ता लिहिलेला असतो, आणि त्या नमुन्यावरून लोकांनी आपापल्या कामासाठी रचलेल्या स्क्रिप्टा गाभ्याच्या संग्रहाबाहेर, कोणाच्याही यादीत नसलेल्या यंत्रांवर आहेत. नाव सुधारले तर संग्रहातील सर्व स्क्रिप्टा एका पॅचने बदलता येतील, पण त्या बाहेरच्या स्क्रिप्टा पहिल्याच ओळींत अडतील.